'भिऊ नकोस' म्हणून घाबरवणारी बीबी

नोकरीच्या अर्जात मी लिहिलं होतं की मला स्वाहिली येते. मला स्वाहिली येत नव्हती.

लिहिण्यामागे कारण होतं, पण ते कारणही माझ्यासारखंच डळमळीत. माझ्याआधी आयर्लंडला आलेल्या एका मित्राने सल्ला दिला होता, "मराठी, हिंदी, इंग्रजी पुण्यातल्या प्रत्येकालाच येतं रे. चौथी भाषा टाक. फ्रेंच-जर्मन नको, पकडला जाशील. अशी टाक की तिकडे कुणाच्या बापाला येत नसेल." लहानपणी आमच्या शेजारी नैरोबीहून परतलेले एक काका राहायचे. ते आम्हा पोरांना 'जांबो' म्हणून हाक मारायचे. त्या एका शब्दाच्या जोरावर मी अर्जात 'स्वाहिली: कामापुरती' असं लिहून मोकळा झालो. काम कधी पडेल असं वाटलं नव्हतं.

ते पडलं. डब्लिनजवळ क्लोनडॉकिनच्या आमच्या कारखान्यात रक्त तपासायची यंत्रं बनतात. एका सकाळी मॅनेजर माझ्या टेबलाशी आला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "युअर मॅन हॅज द स्वाहिली!" 'युअर मॅन' म्हणजे तिकडच्या भाषेत 'हा आपला बाबा'. टांझानियातल्या टांगा नावाच्या गावच्या एका इस्पितळाने आमची यंत्रं घ्यायचं ठरवलं होतं. उन्हाळ्यात तिथली माणसं शिकायला येणार आणि त्यांना त्यांच्या भाषेत हा आपला बाबा शिकवणार.

"ग्रँड?" मॅनेजरने विचारलं.

"ग्रँड," मी म्हणालो. आयर्लंडमध्ये घर जळत असलं तरी ग्रँडच म्हणतात.

त्या संध्याकाळी मी हिशोब मांडला. माझा इथे राहायचा परवाना या नोकरीला बांधलेला. अर्जात खोटं लिहिलं हे उघड झालं की नोकरी जाणार, नोकरीमागून परवाना, आणि परवान्यामागून बायकोचं क्लिनिकमधलं काम, लेकीची शाळा, सगळं विमानात. बायकोला सांगितलं तेव्हा तिने आधी लेकीच्या खोलीचं दार लावलं. मग म्हणाली, "लिहायचंच होतं तर संस्कृत लिहायचं. निदान दहावीचं काहीतरी आठवलं असतं."

बीबी, म्हणजे स्वाहिलीत आजी, मला सापडली ती डब्लिनच्या समुद्रकाठी, डून लेरीच्या वाचनालयातल्या फळ्यावर. हाताने लिहिलेलं एक कार्ड: 'स्वाहिली शिकवली जाईल. सफारीला जाणाऱ्यांनी येऊ नये.' खाली पत्ता. फोन नंबर नाही.

समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेतलं ते शेवटचं घर. बेल नव्हती. मी दार वाजवलं. आत कोणीतरी चालत होतं, रेडिओ चालू होता, पण दार उघडेना. पुन्हा वाजवलं. तेवढ्यात पोस्टमन आला, माझ्याकडे दयेने बघितलं, आणि अस्सल आयरिश सुरात ओरडला, "होऽडी!" आतून लगेच आवाज आला, "करीऽबू!" आणि दार उघडलं. पत्रं त्याने दिली, शिव्या मी खाल्ल्या.

"दारं गुरं बडवतात," बीबी म्हणाली. "माणूस होडी म्हणतो."

झांझिबारकडे, म्हणजे तिच्या उंगुजा बेटावर, कुणाच्याही दारात उभं राहून आधी 'होडी' म्हणायचं. आतून 'करीबू', म्हणजे या, असं आलं तरच आत. तीनदा म्हणूनही उत्तर आलं नाही, तर मुकाट्याने परत जायचं, आत काय चाललंय याची चौकशी करायची नाही. रीत म्हणून ऐकायला छान आहे. पण माझ्या आवाजात दम कमी वाटला तर बीबी मुद्दाम उत्तर द्यायची नाही. डिसेंबरच्या वाऱ्यात, शेजारची आयरिश म्हातारी खिडकीचा पडदा बाजूला करून बघत असताना, मी त्या पायरीवर उभा राहून ओरडायचो. दोनदा तर तिसरी होडी वाया गेल्यावर डार्टने, म्हणजे तिकडच्या लोकलने, परत आलोय. पुढच्या वेळी विचारलं, "तुम्ही घरात होता ना?"

"होते की. चहा पीत होते. तुझी हाक भिकाऱ्यासारखी होती."

ही बाई निवृत्त सुईण. तरुणपणी नर्सिंग शिकायला आयर्लंडला आली ती इथलीच झाली. अर्ध्या डब्लिनला आपण उलटं धरून रडवलंय असं ती सांगायची आणि खरंच, रस्त्यात पोट सुटलेले, टक्कल पडलेले पुरुष तिला बघून हातातली सिगारेट मागे लपवायचे. बारीक, उंच, काळीभोर, कपाळावर एकही सुरकुती नाही आणि डोळे असे की समोरच्याला वाटावं, आपलं काहीतरी चुकलंय आणि ते हिला आपल्याआधी कळलंय. माझ्या बाबतीत ते खरंच होतं.

पहिल्या दिवशी मी आत गेलो आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "जांबो!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या चादरीवर चप्पल घालून चढलोय.

"ते पर्यटकांना म्हणतात. म्हणजे त्यांना बरं वाटतं आणि ते लवकर जातात. वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचं. म्हण."

"शिकामू."

"मराहाबा," ती म्हणाली. म्हणजे, पोचलं. शिकामूचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो'. हे ऐकल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं आणि उत्साहाच्या भरात मी खरंच वाकून तिच्या पायांना हात लावला. बीबीने पाय झटकन मागे घेतले. "शब्दाने धरायचे, हातांनी नव्हे! पडेन ना मी!"

मला घरच्यासारखं वाटणं हे तसं धोक्याचंच. दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी शब्द शिकताना कळलं की स्वाहिलीत गाडीला गारी म्हणतात, दुकानाला दुका, विम्याला बिमा, रंगाला रांगी. रेल्वेला 'गारी ला मोशी', धुराची गाडी. आपली आगगाडी, त्यांची धूरगाडी! मी हर्षभरित होऊन म्हणालो, "बीबी, अर्धी भाषा तर आमचीच निघाली!"

तिने वही मिटली. बीबी रागावली की बोलायचीच नाही. तिचा राग वाचावा लागे. तिकडच्या बायका खांगा नावाचं रंगीत सुती कापड नेसतात, अंगावर घेतात. त्याच्या काठाशी एक ओळ छापलेली असते. कधी म्हण, कधी आशीर्वाद, बरेचदा टोमणा. शेजारणीशी बिनसलं तर भांडायचं नाही, नेमका तो खांगा नेसून तिच्या दारावरून दोन फेऱ्या मारायच्या. बीबीकडे अशा खांग्यांनी भरलेलं अख्खं कपाट होतं. शनिवारी दार उघडलं की आधी तिच्या अंगावरची ओळ शोधायची, शब्दकोश काढायचा, आणि मग ठरवायचं की बसायचं की पळायचं. ओळ नेमकी पाठीमागे असली तर तिच्याभोवती प्रदक्षिणा घालावी लागे.

त्या दिवशी मात्र ती उठून कोट घालू लागली. "चल," म्हणाली.

बाहेर वादळाचा इशारा होता. डार्ट बंद पडायच्या बेतात. ती मला घेऊन थेट धक्क्यावर गेली. तो डून लेरीचा धक्का म्हणजे समुद्रात लांबवर गेलेला दगडी हात. एरवी लोक तिथे कुत्री फिरवतात, आइस्क्रीम खातात. त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. लाटा भिंतीवर आपटून पलीकडे पडत होत्या. बीबी पुढे, मी मागे. अर्ध्यावर मी म्हणालो, "बीबी, परत जाऊ या." वाऱ्याने माझे शब्द तोंडातच कोंबले. मला खरोखर वाटलं, ही बाई मला बुडवायला नेतेय. ज्याला पोहता येत नाही तो माणूस समुद्राकाठी किती लवकर धार्मिक होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

टोकाजवळ तिने माझ्या दंडाला धरून मला भिंतीशी उभं केलं आणि कानात ओरडली, "घाबरलास?"

"हो!"

"चांगलं! तुझे लोक असेच आले! गलबतात बसून! उत्तरेचा वारा, कास्काझी! तो आणून टाकायचा! मग दक्षिणेचा वारा सुटेपर्यंत, कुसी, तो सुटेपर्यंत घरी जायची सोय नाही! महिनोन् महिने! अडकलेल्या माणसाला खायला लागतं, बोलायला लागतं, कुणाशी तरी लग्न करायला लागतं! जाताना त्यांच्या खिशातून चार शब्द पडले, ते आम्ही उचलून ठेवले! अरबांचे पडले, पोर्तुगीजांचे पडले, तेही ठेवले! म्हणून भाषा तुमची होत नाही! हाडं आमची आहेत! आफ्रिकेची! तुमचे ते दागिने!"

एक लाट भिंतीवरून आली आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर रिकामी झाली. बीबीने ओठ चाटले. "आता 'स्वाहिली' म्हणजे काय ते सांगते. किनाऱ्याची. कोरड्या माणसाला ती येत नाही."

घरी पोचेपर्यंत माझे दात वाजत होते. लेक दारात उभी. पाण्याने निथळणाऱ्या बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, वेअर यू इन द सी?" मी म्हणालो, "क्लासला गेलो होतो."

तिच्या घरातल्या घड्याळाचीही मला भीती वाटायची. तिकडे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. उंगुजावर सूर्य वर्षभर वेळेवर उगवतो, तिथे हे चालतं. आयर्लंडमध्ये हिवाळ्यात तो नऊपर्यंत तोंड दाखवत नाही आणि जूनमध्ये झोपायचं नाव घेत नाही. पण बीबीचं घड्याळ बेटावरच्या सूर्याप्रमाणेच चालायचं. चुकून मनगटावर नजर टाकली की म्हणायची, "इथला सूर्य आळशी आहे, त्यात घड्याळाचा काय दोष?"

आणि कोडी. कोड्यांची रीत अशी, की विचारणारा म्हणतो 'किटेंडाविली', ऐकणारा म्हणतो 'टेगा', म्हणजे लाव सापळा. उत्तर आलं नाही तर ऐकणाऱ्याने विचारणाऱ्याला एक गाव द्यायचं. अक्षरशः गाव, नावाने. "माझ्या घराला दार नाही," बीबी म्हणायची. उत्तर होतं अंडं. मला आलं नाही. बार्शी गेली. "माझी कोंबडी काट्यांत अंडं घालते." अननस. सातारा गेला. हरलेलं गाव मिळालं की ती डोळे मिटून त्या गावात फिरून यायची. "सातारला गेले होते. लोक बरे आहेत. म्हणाले, त्या मूर्खाने आम्हाला का दिलं?" हिवाळा सरता सरता माझ्याकडे पश्चिम महाराष्ट्रात फारसं काही उरलं नव्हतं. पुणं मात्र मी दिलं नाही. त्याऐवजी एकदा सगळा विदर्भ देऊन टाकला. ही गोष्ट मी नागपूरच्या सासऱ्यांना अजून सांगितलेली नाही.

हे सगळं मजेचं वाटत असेल तर सांगतो, मजा नव्हती. दिवस जात होते आणि मला यंत्राबद्दलचा एकही शब्द येत नव्हता. बटण, नळी, नमुना, चूक दाखवणारा लाल दिवा. मी विचारलं की बीबी हात झटकायची. "यंत्राचे शब्द यंत्रावर लिहिलेले असतात. माणूस जिथे सगळ्यात जास्त घाबरतो, तिथली भाषा आधी शिकायची. बाकीची बाजारात मिळते."

तिच्या मते ती जागा एकच, बाळंतिणीची खोली. त्यामुळे मी स्वाहिली शिकलो ती उशीचं बाळंतपण करत. बीबी आरामखुर्चीत पाय पसरून बाळंतीण व्हायची आणि मी सुईण. त्यातला पहिला शब्द 'उसिओगोपे', भिऊ नकोस. तो मी चाचरत म्हणालो की ती खेकसायची, "असं म्हणालास तर बाई खिडकीतून उडी मारेल! पुन्हा! भिऊ नकोस!" तिच्या तोंडून 'भिऊ नकोस' ऐकून मला जितकी भीती वाटली तितकी आयुष्यात दुसऱ्या कशाने वाटली नाही. मग 'पुमुआ', श्वास घे. 'बाडो', अजून नाही. 'सुकुमा', जोर लाव. डोकं दिसायला लागलं की काय म्हणायचं, झाल्यावर अभिनंदन कसं करायचं, मुलगा असेल तर काय, मुलगी असेल तर काय. उशीला बहुतेक वेळा मुलगीच व्हायची.

एका शनिवारी दार उघडलं तेव्हा बीबीच्या अंगावर गडद निळा खांगा होता. मी ओळ वाचली, शब्दकोश काढला, आणि जागच्या जागी थिजलो. 'दुसऱ्याच्या ताऱ्यावर आपलं गलबत हाकू नकोस.'

"कोणाला खोटं सांगितलंस?" तिने विचारलं. "सुईणीशी लपवाछपवी चालत नाही. हौसेने शिकणारा माणूस असा घामाघूम होत नाही."

मी सगळं सांगितलं. अर्ज, मॅनेजर, परवाना, लेक. मला वाटलं, आता ही हाकलणार. तिने आरामखुर्चीत पाय पसरले. मग म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर शिकवलंच नसतं. आता बाळ अर्धं बाहेर आलंय, आत ढकलता येत नाही. उशी घे."

उन्हाळा आला आणि टांगाहून माणसं आली. कारखान्यातल्या प्रशिक्षणाच्या खोलीत आमचा मॅनेजर हाताची घडी घालून मागे उभा, त्याच्या शेजारी त्याच्यावरची साहेबीण. पाहुण्यांत एक वयस्क डॉक्टरीणबाई, जाड भिंगांचा चष्मा, आणि तिच्याबरोबर प्रयोगशाळेतले तिघे-चौघे तरुण. मला जे काही सांगायचं होतं ते पाठ केलं होतं. त्यांना बघताच ते सगळं डोक्यातून पुसून गेलं. फळ्यावरून डस्टर फिरावं तसं.

"शिकामू," मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो.

त्या थबकल्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मराहाबा." मग भीतीच्या भरात मी ते तरुण मुलांनाही म्हणालो. त्यातल्या सगळ्यात लहान मुलीने आपल्यामागे कोणी आजोबा उभे आहेत का ते वळून बघितलं. मग विचारपूस. घरचे कसे आहेत, प्रवास कसा झाला, मुलं कशी आहेत, काम कसं आहे. बीबीने बजावलं होतं की हे सगळं झाल्याशिवाय कामाचं बोलणारा माणूस रानटी. मॅनेजर घड्याळ बघू लागला. मी डॉक्टरीणबाईंच्या बकऱ्यांचीही चौकशी केली. बकऱ्या नव्हत्या.

शेवटी यंत्र उघडावंच लागलं. ती लहान मुलगी पुढे आली. नमुन्याची कॅसेट खाचेत सरकवायची होती. ती अर्ध्यात अडकली. यंत्र महागाचं, मागे सगळे बघतायत. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि आतून बीबी बाहेर आली.

"उसिओगोपे!" मी गरजलो.

पोरगी दचकली.

"पुमुआ!" तिने श्वास घेतला. "बाडो... बाडो..." तिने हात थांबवला. "आता, सुकुमा! सुकुमा!" तिने ढकललं. कॅसेट सरकली, पलीकडच्या फटीतून तिचं पांढरं टोक दिसलं, आणि मी टाळी वाजवून ओरडलो की डोकं दिसतंय. खट्ट आवाज होऊन कॅसेट बसली. हिरवा दिवा लागला. मी पोरीचं मनापासून अभिनंदन केलं आणि सवयीने, मुलगी झाल्याचंही सांगून टाकलं.

तरुणांपैकी एकजण खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वेल?" मॅनेजरने त्यांना इंग्रजीत विचारलं. "कशी आहे आमच्या माणसाची स्वाहिली?"

मला माझ्या लेकीचं दप्तर दिसलं. दारामागच्या खुंटीवर लटकणारं, शाळेच्या बिल्ल्याचं. बाईंनी उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात मी सामान बांधलं, घर रिकामं केलं, विमानतळावर रांगेत उभाही राहिलो.

"याला आमच्या किनाऱ्यावरच्या कोणा म्हातारीने वाढवलेलं दिसतं," बाई म्हणाल्या. "असं आता आमच्याकडेही कोणी बोलत नाही. यंत्रं बसवायला यालाच पाठवा. बाळंतपणाच्या वॉर्डातही उपयोग होईल."

मॅनेजरला यातलं फक्त 'यालाच पाठवा' ऐकू आलं. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "फेअर प्ले टू यू!" म्हणजे तिकडची शाबासकी. शरद ऋतूत मी टांगा गावी जायचं, सबंध हिवाळा, एकट्याने, हे दुपारच्या जेवणाआधी ठरूनही गेलं. जाताना डॉक्टरीणबाई माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाल्या, "सुईण कोण?" मी बीबीबद्दल उशीसकट सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

आता बीबी तिथे नाही. भाचीकडे, तिच्या बेटावर, परत गेली. घरात कोणी तरुण जोडपं राहतं, दाराला कॅमेरा असलेली बेल आहे. पण त्या दुपारी ती होती, आणि मी कारखान्यातून निघालो तो थेट तिच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. पहिल्याच हाकेला करीबू आलं. मी तिला सगळं सांगितलं. टांगा गावी माझ्या मागे उभं राहायला कोणी नसेल. सगळं इस्पितळ स्वाहिलीत बोलणार. उशीला काही झालं तर चालतं, तिथे खरे रोगी, खरं रक्त. नाही म्हणालो तर का नाही, हे मॅनेजरला सांगावं लागणार, आणि मग अर्ज निघणार.

बीबी भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"मला खरं सांगा, बीबी," मी म्हणालो. "इतके महिने तुमच्याकडे आलो. आता तरी येते का मला स्वाहिली?"

"कुठली येतेय! आधी मराठीत घाबरायचास, आता स्वाहिलीत घाबरतोस."